चपट्या तारा

धाकट्याला बावन्नावं लागलं होतं, तरी घरात आणि बँडमध्ये तो धाकटाच. थोरला भाऊ, म्हणजे दादा, चाली लावायचा. वहिनी गायच्या, दादाचे जावई कीबोर्डवर बसायचे आणि धाकटा पाच तारांचं बेस गिटार वाजवायचा. स्टेजचे कार्यक्रम बंद पडून सहा वर्षं झाली होती. आता नुसती रेकॉर्डिंगं: जाहिराती, मालिकांची शीर्षकगीतं, लहान मुलांची गाणी. गाणं बाहेर आलं की धाकटा ते घरी लावायचा आणि खालून चालणारा जाड, गोल आवाज आला की बायकोला हाक मारायचा, "ऐक, ऐक, ही माझी जागा." बायको भांडी घासता घासता मान डोलवायची. या घराण्यात आपलं म्हणून काही असेल तर हाच एक आवाज, असं त्याला मनापासून वाटायचं. बाकी सगळं दादाचं होतं.

एका दुपारी दादाने सगळ्यांसमोर त्याला झापलं. "तुझ्या तारा करकरतात. हात सरकला की कुणीतरी पत्रा खरवडतंय असं वाटतं. पुढच्या वेळी फ्लॅटवाउंड लावून ये. नाहीतर येऊच नकोस."

जावई खुदकन हसले. वहिनी वही चाळत राहिल्या. आणि धाकटा? हा शहाणा चक्क खूश झाला. तीस वर्षांत दादाने त्याच्या आवाजाबद्दल तोंड उघडलं होतं ते पहिल्यांदा. दादा ऐकतो तर! ऐकल्याशिवाय कुणी खोट काढतं का? घरी जाताना तो स्वतःशीच शीळ घालत होता. अशा माणसाची कीव करावी की त्याला दोन लगावाव्यात, हे कळत नाही.

मग सुरू झालं तारांचं प्रकरण. साध्या तारेवर बारीक गोल तार गुंडाळलेली असते, म्हणून ती बोटाखाली खरखरते. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळतात, ती काचेसारखी गुळगुळीत. चार तारांच्या बेसला कुठलाही सेट लावा, चालतो. रडगाणं असतं ते पाचव्या, सगळ्यांत जाड तारेचं. पहिल्या सेटच्या चार तारा मऊ, गोड बोलल्या आणि पाचवी गादीवर काठी मारल्यासारखी नुसती धपधप करत राहिली. दुसरा सेट इतका ताठ की दोन दिवसांत गिटारची मान वाकली आणि धाकट्याचा अंगठा सुजला. मग त्याने पाचवी तार वेगळ्या सेटमधून आणून लावली. चार एका घरच्या आणि पाचवी भाडेकरू, तसं काहीतरी झालं.

"लग्न ठरवताना एवढा विचार केला असतात, तर आज दोघंही सुखात असतो," बायको म्हणाली.

"थट्टा नको. दादाने सांगितलंय."

"दादांनी सांगितलंय, मग काय! विहिरीत उडी मारा म्हणाले तर आधी खोली मोजाल."

शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने एक सेट काढून दिला. त्यातली पाचवी तार ब्रिजवर, म्हणजे खालच्या घोडीवर, टेकते तिथे बारीक होत गेलेली होती. "ही बोलेल," मिस्त्री म्हणाला, "पण आधी खुंटीपाशी वाकवा, मग कापा. उलट केलंत तर गुंडाळलेली पट्टी सुटते आणि तार मरते." धाकट्याने उत्साहाच्या भरात नेमकं उलट केलं. मेलेली तार घेऊन तो पुन्हा मिस्त्रीकडे गेला, बोलणी खाल्ली, दुसरी तार आणली, आणि ती मात्र डोळ्यांत तेल घालून लावली. छेडली. खालचा स्वर स्वच्छ उमटला, पोटात जाऊन बसला. धाकट्याचे डोळे भरून आले. तीन आठवडे गेले होते.

रेकॉर्डिंगच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी स्टुडिओत पोचला. रेकॉर्डिस्ट वायरी जोडत होता.

"जरा मागच्या गाण्यातला बेस एकट्याचा ऐकवता?" धाकटा म्हणाला. "जुन्या आणि नव्या तारांतला फरक बघू."

रेकॉर्डिस्टने पडद्यावर जुनं गाणं उघडलं आणि सहज विचारलं, "कुठला? तुमचा, की गाण्यात आहे तो?"

धाकट्याला प्रश्नच कळला नाही. रेकॉर्डिस्टने पडद्यावरच्या एका करड्या पट्टीवर बोट ठेवलं. "हा तुमचा. हा बंदच असतो. गाण्यात आहे तो जावईबापूंच्या डाव्या हाताचा, कीबोर्डवरून. तुम्हाला माहीत नाही?"

"पण त्यात माझ्या जागा आहेत," धाकटा म्हणाला. "मी ऐकल्यात."

"आहेत ना. तालमीत तुमच्या ऐकून ठेवतात आणि तशाच वाजवतात. फक्त तालात." त्याचा वाईट हेतू नव्हता. तो कामाचं बोलत होता. "तुमच्या हेडफोनात तुमचा बेस सोडतो, बाकीच्यांना त्यांचा. सहा वर्षं तसंच चाललंय. पण तुम्ही वहिनींच्या शेजारी बसता, त्यामुळे तारांची करकर त्यांच्या माइकात शिरते. ती काही पुसता येत नाही. म्हणून मीच दादांना म्हटलं, त्यांना चपट्या तारा लावायला सांगा, म्हणजे त्रासच नको."

तेवढ्यात दादा आत आला. त्याने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा भावाकडे, आणि रुमालाने चष्मा पुसायला घेतला.

"कळलं का? बरं झालं. मला सांगायचा कंटाळा आला होता."

"सहा वर्षं, दादा?"

"मग काय करू? तुला काढला असता तर तू घरी बसून रडला असतास, आणि आईने मला फाडून खाल्लं असतं. तुझं मन राखलं. फुकट राखलं का? सामानाची गाडी चालवायला माणूस लागतोच." दादा स्वतःच्याच विनोदावर हसला. "तोंड पाडू नकोस. तुझ्या वहिनीला यातलं काही माहीत नाही. गाण्याआधी तिचा मूड घालवलास तर बघ."

वहिनी आल्या, मागून जावई आले. जावयांनी काचेपलीकडे जाऊन कीबोर्ड उघडला आणि धाकट्याची नजर टाळली. वहिनींनी माइक नीट केला. धाकट्याला गिटार उचलून त्या सगळ्यांच्या मधून निघून जाता आलं असतं. पण तो आपल्या स्टुलावर बसला, कारण तो नेहमी तिथेच बसायचा आणि दुसरीकडे कुठे बसायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

लाल दिवा लागला. दादाने मोजलं, गाणं सुरू झालं. धाकट्याने दोन्ही हात तारांवर ठेवले आणि एकही तार छेडली नाही. कडवं गेलं, ध्रुवपद आलं, दुसरं कडवं गेलं. जिथे तालमीत बसवलेली त्याची खास जागा होती, तिथे त्याने वहिनींकडे पाहिलं. त्या अडतील, वळून बघतील, निदान त्यांच्या भुवया तरी हलतील, असं त्याला वाटलं. वहिनी डोळे मिटून गात होत्या, आणि नेमक्या त्या जागेवर त्यांनी सुखाने मान हलवली.

गाणं संपलं. हेडफोनमधून रेकॉर्डिस्टचा आवाज आला, "एकदम स्वच्छ. कुठेही करकर नाही."

"म्हटलं नव्हतं?" दादा म्हणाला.

वहिनींनी हेडफोन काढले. त्यांचा चेहरा खुलला होता. त्या धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "भावजी, खरं सांगू? इतक्या वर्षांत तुम्ही इतकं सुरेख कधीच वाजवलं नव्हतंत. पुढच्या गाण्यातही अगदी असंच वाजवा हं."

"बरं, वहिनी," धाकटा म्हणाला, आणि त्याने पुन्हा तारांवर हात ठेवले.