टायरवरचे केस

दुकानदाराने सायकल तिच्यापुढे धरली. "ताई, पाय टाकून उभ्या राहा. बसू नका अजून."

ती उभी राहिली. मधल्या दांड्यावर चार बोटं जागा उरतेय, हे तिने खाली न बघताच ओळखलं. सारा जन्म लोकांची मापं घेऊन कपडे शिवण्यात गेला होता. आज कुणीतरी तिचं माप घेत होतं, आणि तिला त्याची भारी गंमत वाटत होती.

"बरोब्बर बसली," दुकानदार म्हणाला.

"त्यापेक्षा साधी रस्त्यावरची दाखवा हो हिला," नवरा मागून म्हणाला. "डोंगरातली वाट म्हणजे काही पोरखेळ नाही."

नवरा चष्म्याच्या दुकानात नोकरीला. गेलं वर्षभर दर रविवारी तो आपली सायकल घेऊन टेकडीवरच्या पायवाटेला जायचा आणि दुपारी जेवताना त्या वाटेचं वर्णन करायचा. झाडांची मुळं, दगडांच्या पायऱ्या, दरीकाठचं ते वळण. ऐकून ऐकून तिला सगळं तोंडपाठ झालं होतं. 'मलाही न्या की एकदा' म्हटलं की स्वारी विषय बदलायची. शेवटी शिलाईच्या पैशांतून तिने स्वतःच सायकल घ्यायचं ठरवलं. त्या वळणावर दोघांनी एकदा तरी सोबत जावं, एवढंच तिला हवं होतं.

तिचे प्रश्न काही संपेनात. पुढे स्प्रिंग आहे, मग मागे का नाही?

"म्हणून तर हिला हार्डटेल म्हणतात. पुढचा धक्का स्प्रिंग खाते, मागचा तुमचे गुडघे." दुकानदार हसला. "दोन्हीकडे स्प्रिंगवाली चांगली घ्यायची तर खिशाला कात्री लागते. स्वस्तातही मिळते, पण तो नुसता देखावा. तेवढ्याच पैशात हिला ब्रेक चांगले आहेत, टायर रुंद आहेत. उतारावर तेच कामाला येतं."

"म्हणजे पैसे कापडाला घालायचे, बटणांना नाही."

"अगदी तसंच!"

तिने सवयीने टायरवर बोटं फिरवली. रबराला बारीक बारीक केस होते.

"हे काय हो?"

"साच्यातून टायर निघतो तेव्हा राहतात. मधले डांबरी रस्त्यावरही झिजतात. कडेचे मात्र झिजतात ते दगडामातीत, सायकल कलली की. दोन-चार फेऱ्यांत साफ होतात. आमच्या सायकलवाल्यांच्या घोळक्यात नवा कोण आणि जुना कोण, ते मी टायर बघून सांगतो."

तिची बोटं थांबली. घरच्या गॅलरीत झाडू मारताना नवऱ्याच्या सायकलचं चाक रोज तिच्या मनगटाला घासायचं. कडेला असेच केस होते. अजूनही होते.

तिने वळून पाहिलं. नवरा एक घंटी हातात घेऊन फारच बारकाईने न्याहाळत होता.

तिला राग आला. वर्षभर वाढलेल्या पानावर बसून ऐकवलेली ती दरी, ती मुळं! ती सायकल घेऊन तडक दुकानामागच्या मोकळ्या जागेत गेली. तिथे दगड आणि ओंडके मांडून ठेवले होते. पहिल्या ओंडक्याला तिने ब्रेक करकचून आवळले, दुसऱ्याला हसू फुटलं. तिसरा कधी गेला ते कळलंच नाही.

वळताना तिला नवरा दिसला. त्याने कुंपणाची तार घट्ट धरली होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. पडायची वेळ जणू त्याच्यावरच आली होती. तिचा राग तिथेच विरघळला.

"काय मग ताई?" दुकानदाराने विचारलं. "या रविवारी नवीन लोकांना टेकडीवर नेतोय मी. दोघंही या. साहेब, तुम्ही कधी दिसला नाहीत तिकडे?"

"मी जरा लवकर जातो," नवरा पुटपुटला.

"येतो की," ती म्हणाली. "पण मला बाई फार भीती वाटते. मी आपली सगळ्यांच्या मागे राहीन, अवघड जागी उतरून चालेन." मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला माझ्यासाठी मागे थांबावं लागेल. कंटाळा नाही ना येणार?"

दुकानदार तिच्याकडे बघतच राहिला. ओंडक्यांवरून खिदळत गेलेली बाई हीच का, असा त्याला प्रश्न पडला असावा.

"थांबेन की," नवरा म्हणाला. त्याने घंटी जागेवर ठेवली.

शनिवारी संध्याकाळी नवरा कामावरून परतला तेव्हा ती गॅलरीत फतकल मारून बसली होती. पुढ्यात त्याची सायकल, हातात दोरे कापायची छोटी कात्री. गिऱ्हाइकाला कपडा द्यायच्या आधी ती लोंबते दोरे काढायची, त्याच सफाईने टायरच्या कडेचा एकेक केस ती उडवत होती. मांडीवर काळा चुरा पडला होता.

तो दारात थबकला. तिने मान वर केली नाही.

मग त्याने पिशवी खाली ठेवली, तिच्याशेजारी बसला आणि तिच्यासाठी चाक हळूहळू फिरवू लागला.

"मागचंही राहिलंय," तो म्हणाला.