टोपलीत राहिलेलं पाकीट

ठाकऱ्या आबांनी चुलीतलं पेटतं लाकूड ओढून बाहेर काढलं आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. तव्यावरची भाकरी अर्धी कच्चीच राहिली.

"काय कराले लागनात तुम्ही?" त्यांच्या बायकोने, उषाने विचारलं.

"तू उठ. मी भाजसू."

"पाळकनी भाजेल भाकर मी खासू?" ती हसली आणि दुसरं लाकूड आत सारून पुन्हा फुंकायला लागली.

आबा उठले नाहीत. गुडघे जवळ घेऊन तिथेच बसून राहिले. उषाच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याची सुरकुतलेली खूण होती. आबा वस्तीतल्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. ते प्रार्थनाघरात बाक पुसत असताना तिला घरात फिट आली होती आणि ती चुलीवर पडली होती. तेव्हापासून शिरपूरच्या डॉक्टरांची गोळी सुरू होती. अचानक बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उषाला वाचता येत नव्हतं, म्हणून चुकू नये यासाठी आबांनी गोळ्यांच्या पाकिटाला लाल दोरा बांधून दिला होता. रविवारपासून तिने गोळी घेतली नव्हती, आणि रविवारपासून आबांचा जीव टांगणीला लागला होता. ती हापशावर गेली की हे मागे, ती चुलीपाशी बसली की हे शेजारी. वस्तीतल्या बाया हसत होत्या, म्हातारपणी आबांना बायकोची माया आली म्हणून.

रविवारी धुळ्याहून, प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभा घेणारे हितेंद्रभाऊ आले होते. सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या वस्तीत एवढी माणसं आबांनी कधी पाहिली नव्हती. केळीची कापणी सोडून लोक मांडवात येऊन बसले होते. भाऊंचा आवाज मोठा आणि मन खरं. आपण मरणाच्या दारातून कसे परत आलो हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते काही नाटक नव्हतं. ते ज्याच्या डोक्यावर हात ठेवत तो थरथरायला लागे, आणि मग बरं झाल्याची साक्ष म्हणून आपली औषधं समोरच्या टोपलीत टाकी. छगन तर असा नाचला की त्याचा गमछा कोणाच्या पायाखाली गेला ते त्याला कळलंही नाही.

मग भाऊंनी आबांना पुढे बोलावलं.

"पाळकाच्या बायकोच्या डोक्यावर पाळकानेच हात ठेवावा."

उषा केव्हाच गुडघे टेकून बसली होती. सगळी मंडळी बघत होती. नाही म्हणावं तर पाळकाचाच विश्वास नाही असं होणार, आणि हो म्हणावं तर ती गोळी सोडणार. इकडे आड, तिकडे विहीर. आबांनी हात ठेवला आणि तो हात लटलट कापायला लागला.

"बघा, आबांवर पवित्र आत्म्याचा अभिषेक उतरला," भाऊ म्हणाले, आणि सगळा मांडव हालेलुया करत उभा राहिला. उषाने कमरेची पिशवी सोडली आणि लाल दोऱ्याचं पाकीट टोपलीत ठेवलं.

सभा संपल्यावर आबांनी भाऊंना गाडीपाशी गाठलं.

"भाऊ, लोकांच्या गोळ्या लोकांना परत देऊ."

"आबा, तुम्हाला कृपादानंच नको आहेत, देव देतो ती बरं करायची शक्तीच नको आहे."

"देव बरं करतो, मी नाही म्हणत नाही. पण आपल्याला सांगायला दिलंय ते येशूच्या वधस्तंभाचं, पापाच्या क्षमेचं. ताप उतरला तर आनंदच आहे. नाही उतरला, तर त्या माणसाला काय देवाच्या दारातून हाकलायचं?"

"आणि नुसती क्षमा सांगत बसलात तर आजारी माणूस परत अंगारा देणाऱ्या भगताच्या दारात जाईल. ते चालेल?"

त्यांच्या मंडळीतली काही घरं तशी गेलीही होती. टोपली नदीत सोडा, मागे वळून बघू नका, असं सांगून भाऊ निघून गेले.

आबांनी ती नदीत सोडली नाही. लाल दोऱ्याचं सोडलं तर कोणतं पाकीट कोणाचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि घरोघर विचारत फिरावं तर साक्ष दिलेल्यांची लाज निघणार. सोमवारी सकाळी त्यांनी टोपली प्रार्थनाघरातल्या बाकावर ठेवली, दार सताड उघडं टाकलं आणि हापशावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "बठ्ठा गोळ्या बाकवर शेतस. कोनले प्रार्थना करनी व्हई तर जावा. मी वावरमा जाई ऱ्हायनू."

शहाण्याला शब्दाचा मार. सगळ्यात आधी छगन गेला, म्हणे गमछा शोधायला. रूपा झाडू घेऊन गेली. ताईबाईला अंगणही ओलांडवत नव्हतं, तीही काठी टेकत गेली. आबा लांब बांधावर बसून बघत होते. जो जाईल त्याच्याबरोबर त्यांच्या छातीवरचं ओझं थोडं उतरत होतं. फक्त उषा काही आली नाही.

आज भाकरी खाऊन झाल्यावर आबा प्रार्थनाघरात गेले. टोपलीत एकच पाकीट उरलं होतं. लाल दोरा होता तसाच होता. इतकी भीती त्यांना उषा भाजली त्या दिवशीही वाटली नव्हती.

ते परतले तेव्हा उषा चुलीवर पाणी तापवत होती. त्यांनी पाकीट तिच्यापुढे ठेवलं.

"बठ्ठा लई गयात. छगन बी, ताईबाई बी."

"लई जावू द्या. त्यासना डोकावर भाऊनी हात ठेयेल व्हता." तिने वर पाहिलं. "मना डोकावर तुम्ही."

चाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. आता बोलावं तर तो आपल्याच तोंडाने पाडायचा. आणि गप्प राहावं तर समोर जाळ होता.

"उषा, त्या टाईमले मी प्रार्थना करीच नही," ते म्हणाले. "माले भेव वाटनं. लोके काय म्हनतीन, आनि तू गोळी सोडशी. तेच मनमा व्हतं."

पाणी उकळून तसंच वाया चाललं होतं.

"तुम्हना हात कापत व्हता," उषा म्हणाली. "माले वाटनं, देव उना."

आबांनी पाकीट उचललं. गोळी काढायला गेले, पण बोटांना ती निघेना. हात पुन्हा तसाच कापत होता. उषाने थोडा वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग पाकीट त्यांच्याकडून घेतलं, दोरा सोडला आणि गोळी आपल्या तळहातावर काढली.

"आते करा प्रार्थना," ती म्हणाली, आणि गोळी तशीच हातात धरून तिने त्यांच्यापुढे मान खाली घातली.