लाल फितीचं कार्ड

आमची आई दुसऱ्यांची मुलं सांभाळायला घेते. कोणाचे आईबाप आजारी, कोणाचे तुरुंगात. पोरं काही महिने आमच्याकडे राहतात. सध्या मुंगी. दीड वर्षाची. पाणी दिसलं की सुटलीच.

म्हणून पोरं पाठवणाऱ्या बालकल्याणच्या ऑफिसातून साहेब आले, पाण्याचा धोका तपासायला. घर तिसऱ्या मजल्यावर.

"पोहण्याचा तलाव?"

"नाही," आई म्हणाली.

"विहीर?"

"थांबा, पलंगाखाली बघतो," मी म्हणालो.

"हो की नाही, तेवढं सांगा."

आईने डोळे वटारले. साहेबांनी 'नाही'वर टिक केली. पेन आठवणीने आणलेलं, अक्कल मात्र घरीच.

मग लाल फितीचं कार्ड काढलं. ज्याच्या गळ्यात कार्ड, त्याने पोरावरून नजर हलवायची नाही. उठायचं तर आधी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचं. कल्पना वाईट नव्हती, पण सांगत असे होते, जणू आगीचा शोध यांनीच लावला.

मुंगीला फीत हवी. भोकाड पसरलं.

"घाला तिलाच," साहेब म्हणाले. "रिपोर्टला फोटो छान येईल."

फोटो झाला. आई सह्या करायला बसली, साहेब जागा दाखवायला वाकले. मी मोबाईलवर मित्राला लिहीत होतो, आमच्याकडे विहीर शोधायला एक दीडशहाणा आलाय.

घर शांत झालं. मुंगी जागी असताना आमचं घर शांत नसतं.

धावलो. बाथरूममध्ये बादलीतून दोन पाय वर. अंघोळ करून अर्धी भरलेली बादली मीच तशी ठेवली होती. तिला ओढून बाहेर काढलं. ओठ निळे. खोकली, ओकली, मग रडली.

साहेब दारात. "कार्ड कोणाकडे होतं?"

"तिच्याच गळ्यात. तुम्हीच घालायला लावलंत."

त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "काकू, हे लिहिलं तर पोरीला दुसरीकडे नेतील. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

भलं म्हणे. स्वतःची कातडी वाचवत होता.

आई मुंगीला टॉवेलात गुंडाळत होती. "आधी दवाखाना. मग लिहा. बादली याची, फोटो तुमचा, पाठ फिरवली मी. सगळं लिहा."

"बादलीचा रकाना नाहीये फॉर्मात."

"मग कडेला लिहा."

चौथ्या दिवशी मुंगीला घेऊन गेले. आई माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. बरोबरच होतं. मी त्या माणसाला हसत बसलो आणि पोर माझ्या बादलीत.

महिन्याने नवीन बाई तपासायला आल्या. आल्या आल्या विचारलं, "बाथरूम कुठे आहे?" बादली उपडी होती. टबही. मुंगी परत आली.

आता मी कार्ड घालतो तेव्हा मोबाईल कपाटात. हे टाइप करतोय, कारण कार्ड सध्या आईकडे आहे. हाक मारतेय. माझी पाळी.