नेट गेलं होतं

मित्रांनो, मी एक जुना वायफाय अडॅप्टर आहे. तुम्ही मला पाहिलं नसणार, कारण मी लॅपटॉपच्या पोटात असतो. हवेतून येणारं इंटरनेट पकडायचं आणि लॅपटॉपला द्यायचं, हे माझं काम. माझा जन्म कुठल्या देशातला, मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मी नाशिकला, अंबडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होतो. तिथे छताला ठोकलेला एकच राउटर होता. त्याला धरून मी काही वर्षं बिलं, ड्रॉइंग, ईमेल पोचवली. कुणी कौतुक केलं नाही, पण नावंही ठेवली नाहीत. अडॅप्टरच्या नशिबी याहून मोठं सुख नसतं.

मग ऑफिसात नवे लॅपटॉप आले आणि आमचा जुना लॅपटॉप तिथेच काम करणाऱ्या किशोरभाऊंनी मुलीसाठी घरी नेला. सिडकोतलं त्यांचं घर दुमजली. खाली एक राउटर, वर एक, दोघांचं नाव एकच. किशोरभाऊंनी पहिल्याच दिवशी माझ्या सेटिंग्ज उघडल्या. त्यात 'रोमिंग' नावाची एक सेटिंग असते. हातातला राउटर सोडून दुसऱ्याकडे मी किती लवकर पळायचं, ते ती ठरवते. जास्त म्हणजे चांगलं, असं समजून त्यांनी 'सर्वात जास्त' निवडलं. झालं! खालच्याशी सूत जुळतंय तोच मला वरचा बरा वाटायचा, आणि वरचा धरला की खालचा. माझं बूड एका जागी टेकेना. प्रत्येक उडीला नेट तुटायचं.

त्यांची मुलगी वेदिका बोलताना अडखळते. शब्दाचं पहिलं अक्षर तिच्या ओठांशी येऊन थांबतं. त्यासाठी पुण्याच्या उज्वला मॅडम तिचा ऑनलाइन तास घ्यायच्या. अडलं तर शब्द टाळायचा नाही, घाई करायची नाही, जरा थांबून तोच शब्द पुन्हा म्हणायचा, ही त्यांची शिकवण. आणि ती पोचवायला कोण, तर मी!

माझ्या पळापळीत चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. मॅडम नेटची वाट बघत थांबायच्या. हे वेदिकाच्या लक्षात आलं. मग शब्द अडला की ती पापणीही न हलवता पुतळ्यासारखी बसू लागली. मॅडमना वाटायचं, चित्र गोठलं. जरा वेळाने वेदिका हळूच म्हणायची, "नेट गेलं होतं." या वाक्यावर ती कधीच अडखळली नाही. तेव्हा मी राउटरला घट्ट धरून असायचो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! मला राग यायचा, आणि तिची कीवही यायची, कारण तासागणिक ती कमी बोलत चालली होती.

शेवटी मॅडमनी किशोरभाऊंना फोन केला. मुलीचं बोलणं ऐकूच येत नसेल तर तास बंद केलेला बरा, असं त्या म्हणाल्या. त्याच संध्याकाळी किशोरभाऊंनी माझं रोमिंग 'मध्यम' केलं, बॅटरी वाचवण्यासाठी मला मधेच झोपवणाऱ्या सेटिंगवरची खूण काढली आणि लॅपटॉप खालच्या राउटरजवळ ठेवला. वेदिका शेजारी उभी राहून सगळं बघत होती.

"पप्पा, रा... राहू द्या ना," ती म्हणाली. तिला काय हवंय, ते त्यांना कळलं नाही.

पुढच्या तासाला चित्र स्वच्छ आलं. मी जागचा हललो नाही. मॅडम म्हणाल्या, आज स्वतःची ओळख करून दे. वेदिका 'माझं नाव' म्हणाली आणि पुढे अडली. सवयीने ती पुतळा होऊन बसली. पण तिच्या मागे खिडकीचा पडदा वाऱ्याने हलत होता, आणि मी ते हलणं इमानाने पुण्याला पोचवत होतो. मॅडमना तो दिसलाच असणार. तरी त्यांनी शांतपणे विचारलं, "नेट गेलं का, वेदिका?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "नेट आहे. मी... मीच अ... अडकलेय. थांबा."

मॅडम थांबल्या. तिचं नाव आपणच सांगून टाकायला किशोरभाऊ दारातून पुढे झाले होते, तेही थांबले.

मित्रांनो, आमच्या सेटिंग्ज अधूनमधून तपासत जा, जास्त म्हणजे चांगलंच असं नसतं. पण कुणी बोलता बोलता अडलं, तर त्याचा शब्द त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. त्या दिवशी मी बराच वेळ पुण्याला नुसती शांतता पोचवत होतो. आणि मग वेदिकाचं नाव, अख्खं.