पाहुणी बाळं आणि मी

मित्रांनो, मला सगळे लोकरीची सुई म्हणतात. पण माझ्या अंगाला लोकर लागली ती जेमतेम दोन महिने. पुढचं सारं आयुष्य मी पुठ्ठ्याच्या कार्डांत घालवलं. आता माझं टोक बोथट झालं आहे, डोक्यावरचं निळं बोंडही हललं आहे. तरी कुणी कपाट उघडलं की मला अजून वाटतं, आलं बोलावणं!

पालघर स्टेशनबाहेर बांगड्या, रिबिनी आणि गुंड्या विकणारं एक दुकान होतं. तिथे मी आणि माझी जुळी बहीण एका रबरात अडकून पडलो होतो. १९८० च्या आसपासची गोष्ट. एके दिवशी पुष्पलता नावाची बाई आली. कॉलेजात संख्याशास्त्र शिकलेली, आणि पहिल्या बाळाची वाट पाहणारी. नवरा आनंदा बोईसरच्या एका कारखान्यात पाळीवर जायचा. तिने आम्हांला घेतलं, पांढरी लोकर घेतली आणि स्वेटर विणायला बसली. मात्र तिचा जीव कधी थाऱ्यावर नसे. दोन ओळी विणायची, उठायची, स्टोव्ह विझवला का ते बघून यायची. परत बसायची, टाके मोजायची, परत उठायची. तिच्या हातात मी कधी स्थिर राहिलेच नाही.

पुष्पलता पालघरला एका संशोधनाच्या कचेरीत काम करायची. मुलं आजारी का पडतात, हे तिथे औषधाच्या बाटलीत शोधत नसत. घराच्या ओट्यावर शोधत. पाणी विहिरीचं की ओहळाचं? आई शाळेत गेलेली का? दिवाळीनंतर घर बंद करून सगळे कामाला बाहेर पडतात का? दांडीच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपासून डोंगरातल्या पाड्यांपर्यंत कचेरीची माणसं हिंडत आणि हे विचारून आणत. बाई गरोदर आहे असं कळलं की तिच्या बाळाचं कार्ड तयार व्हायचं. ते सगळं गोळा करणं, तपासणं आणि जुळवणं पुष्पलतेच्या अंगावर होतं.

त्या कार्डांची गंमत सांगते. प्रत्येक कार्डाच्या कडेने भोकांची रांग होती. एक भोक म्हणजे एक प्रश्न. उत्तर 'हो' असेल तर तिकीट कापायच्या चिमट्याने ते भोक कडेपर्यंत कापायचं, म्हणजे खाच पडायची. मग सगळी कार्डं सारखी करून, हव्या त्या भोकातून सुई आरपार घालायची आणि उचलायची. खाच असलेली कार्डं टपटप खाली पडत. बाकीची सुईवर लटकून राहत. ओहळाचं पाणी पिणारी मुलं कोणती? ही बघा, पडली टेबलावर!

कार्डांबरोबर आलेली चाळायची तार पहिल्याच पावसाळ्यात गंजली आणि कार्डांवर डाग पाडू लागली. तेव्हा पुष्पलतेने पिशवीतून मला ओढून काढलं. स्वेटर बहिणीच्या अंगावर तसाच राहिला.

कचेरीच्या प्रमुख डॉक्टर दमयंतीबाई हसल्या. "अगं, बाळ काय उघडंच फिरणार का?"

"बोईसरला तयार मिळतात, बाई," पुष्पलता म्हणाली आणि लगेच मला कार्डांत घुसवलं.

माझं फार कौतुक झालं. बाहेरगावचे पाहुणे आले की मला मुद्दाम उचलून दाखवत. "एका सुईने सगळा तालुका चाळता की!" असं कुणीतरी म्हटल्यावर माझं बोंड अभिमानाने लकाकलं असेल. हरवू नये म्हणून पुष्पलता मला अंबाड्यात खोचायची, म्हणून जिथे ती तिथे मी. एकदा चाळून तिचं समाधान व्हायचं नाही. दुसऱ्यांदा चाळायची, आणि घरी निघताना दारातून परत येऊन तिसऱ्यांदा.

मग ती बाळंतपणाला माहेरी, अमळनेरला गेली आणि मी टेबलाच्या खणात पडले. माझ्याऐवजी कुणी सायकलची तार वापरत होतं. अंधारात पडल्या पडल्या मी बाहेरची टपटप ऐकायची आणि तळमळायची.

पुष्पलता परत आली ती चार महिन्यांच्या लेकीला घेऊन. लेक कोपऱ्यात झोळीत. एक डोळा झोळीवर, एक डोळा कागदावर. ती नसताना इतरांनी कुठल्या पाड्यात किती बाळं आजारी याचा तक्ता तयार केला होता, आणि त्यावर जबाबदार म्हणून तिची सही हवी होती.

"बेहडपाड्याची फेरी पुढच्या महिन्यापासून बंद करतोय," दमयंतीबाई म्हणाल्या. "तिथे तान्ही बाळं आजारीच पडत नाहीत. जीप एक, नर्स एक. जिथे आजार, तिथे जीप."

बेहडपाडा डोंगरातला. ओहळाचं पाणी, पावसावरची नाचणी. तिथली बाळं आजारी नाहीत? पुष्पलतेने पेन उचललं, खाली ठेवलं. खण उघडून मला काढलं. बेहडपाड्याचा गठ्ठा सारखा केला आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळांच्या भोकातून मला घालून उचललं.

काहीच पडलं नाही. तिने गठ्ठा झटकला. एक कार्ड पडलं, एकच.

"बाई, इथे बाळं आजारी नाहीत असं नाही. इथे बाळंच नाहीत!"

फेरीवर जाणारा चिंतू दारात बिडी विझवत होता. तो म्हणाला, "बाळं हायेत, मॅडम. पन बायका माहेरी. आमच्यात पयलं बाळतपन आयशीकडं. तीन फेऱ्यांत आई भेटली नाय का कार्ड काढून बांधून ठेवायचं, असा तुमचाच नियम."

कपाटावर नाडीने बांधलेला एक गठ्ठा धूळ खात होता.

"माहेरीही आपली माणसं जातातच," दमयंतीबाई म्हणाल्या. "वैतरणेकडची गावं आपल्याच यादीत आहेत. तिकडे मोजली असतील. उगाच जीव टांगणीला लावू नकोस, पुष्पलता. बाळंतीण आहेस."

"अमळनेरला लस टोचायला नर्स आली होती. आमच्या आईने दारातूनच सांगितलं, बाळ पाहुणं आहे, आमच्या घरचं नाही. नर्स पुढे गेली! मी ओली बाळंतीण, तिच्यामागे गल्लीभर धावले. जिला धावता येत नाही, तिच्या बाळाचं काय?"

 दमयंतीबाईंनी तक्ता सहीसाठी पुढे केला नाही.

दुसऱ्या दिवशी लेकीला शेजारणीकडे ठेवून पुष्पलता चिंतूबरोबर शटल आगगाडीने वैतरणेला उतरली. मी अंबाड्यात. खाडीच्या काठाकाठाने चालताना ती सारखी मागे वळून बघायची, जणू काही विसरलंय. चिंतूच्या माहितीतली बेहडपाड्याची कमळी पहिल्या बाळंतपणाला इथे आईकडे आली होती. तिची आई भागी अंगणात लाकडं फोडत होती.

"मावशी, तान्हं बाळ आहे का घरात?"

"नाय हो बाय. मागं तुमचा मानूस आलेला, त्यालाबी सांगितलं. आमच्या घरात तानं पोर नाय."

तेवढ्यात आतून बारीक आवाज आला. रडणं म्हणावं एवढाही जोर त्यात नव्हता.

"मग आत कोण रडतंय?"

"तो व्हय? तो जावयाचा. बेहडपाड्याचा. दुसऱ्याचं पोर आमच्या घरात कसं सांगायचं? उद्या व्याही बोलंल, माझा नातू पळवला!" भागी स्वतःच हसली.

कमळी बाळाला घेऊन दारात आली. तिला मात्र हसू येत नव्हतं. "सासरी गाडी येते तवा मी हितं. हितं मानूस येतो तवा आई सांगते, पाहुना हाय. मंग ह्यो राहतो तरी कुठं, ताई?"

 पुष्पलतेने बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि हात तसाच थांबला. टाळू खोल गेली होती. तीन दिवस जुलाब होत होते.  तिने पाणी उकळलं, निववलं, मीठ-साखर घातली, आणि चमच्याने थेंब थेंब पाजत राहिली. परतीच्या शटलमध्ये ती, कमळी आणि पदराखाली बाळ. प्रत्येक स्टेशनावर ती विचारायची, "गिळतोय ना?"

गिळत होता. पालघरच्या दवाखान्यात तो आठवडाभर राहिला आणि मग असा जोरात रडू लागला, की नर्सने कमळीला म्हटलं, "ने गं बाई आता तुझा पाहुणा!"

मग ती नाडी सुटली. गठ्ठ्यातलं एकेक कार्ड घेऊन चिंतू सायकलवर आणि पुष्पलता मिळेल त्या गाडीने त्या बाळांमागे निघाली. कुणी उमरोळीला, कुणी आत डोंगरात. कधी लेकीला ताप, कधी आनंदाची रात्रपाळी. "दुसऱ्यांच्या पोरांपायी घरचीला विसरशील," आनंदा कुरकुरायचा, पण लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभाही तोच राहायचा.

कार्डाच्या कोपऱ्यात एक भोक कुठल्याच प्रश्नाला दिलेलं नव्हतं. जे बाळ आजोळी भेटलं, त्याच्या कार्डावर पुष्पलता तिथे खाच पाडायची.

सगळा गठ्ठा तपासून झाला, तेव्हा दमयंतीबाई म्हणाल्या, "दे, मी चाळते." त्यांनी मला त्या कोपऱ्यातल्या भोकातून घातलं आणि उचललं. टपटप, टपटप, कार्डांचा ढीग पडला. त्यातून त्यांनी आजाराच्या भोकाने पुन्हा चाळलं. निम्म्याहून जास्त पुन्हा पडली. आजार होता, आम्ही त्याला सासरी शोधत होतो आणि तो माहेरी होता.

पण पहिल्या वेळी काही कार्डं माझ्यावरून पडलीच नव्हती. दमयंतीबाईंनी ती बाजूला काढून हातात घेतली. "ह्यांना खाच पाडायची राहिली का?"

"नाही बाई," पुष्पलता म्हणाली. "तिथे आम्ही उशिरा पोहोचलो. ती बाळं गेली होती. कुठल्याच गावाने त्यांना आपलं म्हणून सांगितलं नव्हतं, त्यामुळे ती गेल्याचंही कुणी सांगितलं नाही."

दमयंतीबाईंनी ती कार्डं परत माझ्यावर ओवली. मी तोवर शेकडो कार्डं उचलली होती, पण तेव्हाएवढी जड कधी झाले नव्हते.  मग त्यांनी तक्ता फाडला.

बेहडपाड्याची फेरी बंद झाली नाही. नर्सला एक नवा प्रश्न दिला गेला. 'घरात मुलं किती?' हे विचारून झालं की ती ओट्यावर बसायची आणि विचारायची, "आणि पाहुणं बाळ आलंय का कुणी?" भागीसारख्या आज्या आधी बिचकायच्या. मग आत जाऊन घेऊन यायच्या.

दहा वर्षांनी कचेरीत संगणक आला. त्याला सुई लागत नाही. मी कपाटात गेले, पुष्पलतेची बदली झाली, आणि माझ्यावर गंज चढला. त्याची तक्रार नाही. संगणक माझ्याहून फार वेगाने चाळतो. पण मित्रांनो, आमच्या दोघांचंही एक सारखंच आहे. जे कार्ड आमच्यापुढे आलंच नाही, ते आम्हांला कधीच दिसत नाही. ते आणायला कुणाला तरी दारापर्यंत चालतच जावं लागतं.

म्हणून तुमच्या गल्लीत कुणी मोजायला, टोचायला, वजन करायला आलं, आणि तुमच्या घरी मावशीचं, आत्याचं बाळ आलेलं असलं, तर आत धावत जा. "हे आमचं नाही" म्हणू नका. जोवर ते तुमच्या घरात झोपतंय, तोवर ते तुमचंच आहे.