त्रेचाळीस जिवलग आणि एक सुटलेला ठेका

चांदूर बाजारच्या शाळेतून पंच्याऐंशी साली दहावी झालेल्या त्रेचाळीस माणसांचा फोनवर एक ग्रुप आहे. नाव 'जिवलग'. नाव द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं, म्हणून दिलं. पहाटे पाचपासून तिथे गुलाब उमलायला लागतात. दव पडलेले, बशीत ठेवलेले, बदामाच्या आकारात मांडलेले. खाली शुभ सकाळ, आणि त्याखाली कुणीच कधी न बोललेलं एखादं थोर वाक्य. खुशालरावांचं माळीपुऱ्याच्या मागे दोन एकर झेंडूचं शेत आहे. खरं फूल खुडताना बोटं कशी हिरवी होतात, हे त्यांना ठाऊक. या जिवलगांपैकी एकानेही इतक्या वर्षांत त्यांच्या बांधावर येऊन एक फूल हुंगलं नव्हतं. गुलाब मात्र रोज.

गुलाबांनंतर बातम्या. सेमाडोहच्या रस्त्यावर काल दिसला म्हणून जो वाघ फिरत होता, तो बर्फातून चालत होता. मेळघाटात बर्फ कधी पडला, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी 'काळजी घ्या' लिहिलं. कुणाची आई गेली की जोडलेले हात. कुणाला नातू झाला की जोडलेले हात. मधेच अकोल्याहून शकुन कुरडयांचा व्हिडिओ टाकायची, त्यालाही जोडलेले हात. देवासमोर जे हात वर्षात चारदा जुळत नाहीत, ते इथे दिवसातून चाळीसदा जुळत.

खुशालराव या सगळ्याला हसत, पण त्यांचंही काही वेगळं नव्हतं. ते कीर्तनं पाठवत.

तीस वर्षांचे ते टाळकरी. विठ्ठल मंदिरातल्या कीर्तनात उजव्या रांगेतली पहिली जागा त्यांची, मृदंगाला खेटून. त्या जागेचं एक काम असतं. मृदंगावरचा हात कुठे अडखळला की शेजारच्या टाळकऱ्याने टाळ चढवायचा. त्याचं ऐकून मागचे चढवतात, आणि चूक त्या गजरात अशी जिरते की समोर उभ्या बुवांनाही पत्ता लागत नाही. हे कुणी शिकवत नाही, आणि झाल्यावर कुणी बोलूनही दाखवत नाही. एकाचं उणं शेजारच्याने झाकायचं, आणि जे देवाच्या पायाशी पोचेल ते सगळ्यांचं मिळून पोचू द्यायचं, एवढंच.

यंदा सुनेनं, गीतांजलीनं, त्यांना मोठ्या पडद्याचा फोन आणून दिला आणि खुशालरावांना वाटलं, आपण ऐकतो ते अमृत जिवलगांनाही पाजावं. हेतू चांगला होता. सप्ताहाच्या पहिल्या दिवसापासून ते कीर्तनात फोन धरून उभे राहिले. फोन धरायचा म्हणजे हात गुंतला, आणि टाळाला तर दोन्ही हात लागतात. टाळ गळ्यात लोंबत राहिला. तीन दिवसांची तीन कीर्तनं त्यांनी ग्रुपवर टाकली. एकानेही उघडली नाहीत. खाली 'रामकृष्ण हरी माऊली' मात्र सत्तावीस जणांनी लिहिलं.

चौथ्या दिवशी दुपारचं कीर्तन रंगात आलं होतं. बुवांनी चाल चढवली, आणि सहदेवाचा डावा हात सुटला.

सहदेव म्हणजे मृदंगवाला. खुशालरावांचा बालमित्र, याच 'जिवलग'मधला, भाजीचा मळा करणारा. गळ्यात तुळशीची माळ घातल्याला पंचवीस वर्षं झालेली. चहासुद्धा परक्या घरचा बेतानेच. त्याचा हात दोनतीन मात्रा हवेतच राहिला, ठेका मोडला, बुवांनी मान वळवून पाहिलं. मग सहदेवाने सावरलं आणि कीर्तन पुढे गेलं. खुशालरावांनी संध्याकाळी नेहमीच्या भक्तिभावाने अख्खं कीर्तन ग्रुपवर टाकलं आणि झेंडूचे हार ओवायला बसले.

सकाळी फोन हातात घेतला तर दोनशे अकरा निरोप. खुशालरावांचा ऊर भरून आला. शेवटी ऐकलं म्हणायचं पोरांनी.

अमरावतीला मंडपाचं काम करणाऱ्या मनोजने त्या कीर्तनातून अठरा सेकंद कापून काढले होते. बुवांची वळलेली मान, सहदेवाचा हवेत राहिलेला हात, त्याचा भांबावलेला चेहरा. खाली लिहिलं होतं, 'कालची जास्त झाली वाटते मृदंगमहाराजांले.' आणि त्याखाली पिवळे चेहरे, हसून हसून डोळ्यांतून पाणी गाळणारे, रांगेने, जणू पंगत बसली होती. एकाने विचारलं होतं, देशी का इंग्लिश. एकाने लिहिलं होतं, माळ काढून ठेवून पेतो का घालूनच पेतो. दोन तासांचं कीर्तन कुणाला सोसलं नव्हतं. एका माणसाची फजिती मात्र अठरा सेकंदांची असल्यामुळे सगळ्यांना परवडली होती.

दुपारपर्यंत तेच अठरा सेकंद धामणगाव रेल्वेला राहणाऱ्या मेव्हण्याकडून खुशालरावांकडे परत आले, मागे सिनेमाचं गाणं लावून. मेव्हण्याने लिहिलं होतं, 'भाऊजी, हे तुमच्या गावचं होय काय?'

खुशालरावांनी चष्मा लावला आणि एक बोट वापरून पाऊण तास खपून लिहिलं: सहदेव माळकरी आहे, त्याने आयुष्यात थेंब तोंडाला लावला नाही, त्याची बदनामी करू नका. पाठवलं. मनोजचं उत्तर आलं, 'मजाक होती भाऊ, मनावर नका घेऊ.' तिघांनी अंगठा दाखवला. मग कुणाचा तरी वाढदिवस निघाला, केक आले, आणि केकांच्या खाली खुशालरावांचं सगळं म्हणणं गाडलं गेलं. संध्याकाळी एकाने, ज्याने काहीच वाचलं नव्हतं त्याने, तीच क्लिप नव्याने टाकली. पुन्हा पंगत बसली.

तेवढ्यात सप्ताह समितीच्या ग्रुपवर अध्यक्ष वासुदेवरावांनी मतदान लावलं. 'काल्याच्या कीर्तनाले मृदंग वाजवाले परतवाड्याहून दुसरा माणूस बोलवावा काय? होय. नाही.' काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहाचं शेवटचं, रविवारी सकाळचं. सव्वीस वर्षं ते सहदेवानेच वाजवलं होतं. एका तासात 'होय'वर एकसष्ट बोटं पडली.

खुशालराव फोनकडे पाहत बसले असताना तो वाजला. निरोपाचा टणत्कार नव्हे, खरोखरचा फोन. नागसेन होता. तोही 'जिवलग'मधला, सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी करून निवृत्त झालेला. ग्रुपवर तो कधी बोलत नसे. कीर्तनाच्या वाटेलाही जात नसे. त्याचा रस्ता बुद्धविहाराचा.

"खुशाल, तू सहदेवकडे गेलता काय?"

"मेसेज टाकला नं मी. मोठा टाकला."

"मेसेज मीबी पायला. तू गेलता काय, हे विचारून राहिलो."

खुशालराव चष्मा पुसायला लागले.

"मी अथीच, त्याच्या ओसरीवर, बसून हाओ सकाळपासून. तुह्या घरापासून किती घरं आहे रे हे? सात? का आठ?"

खुशालरावांनी चपला घातल्या. घरं नऊ होती.

सहदेव ओसरीवर खाटेवर बसला होता. मृदंग खोळीत, कोनाड्याशी. त्याची बायको पार्बताबाई रोज कीर्तनाआधी कणीक मळून ठेवायची. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ती लावली की आवाज भरतो. आज परात पालथी पडली होती. नागसेन सहदेवाच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून दाबत होता.

"लागते काय?"

"मुंग्या येतात."

"कवापासून?"

"चार महिने झाले असतीन."

"आन् हे हसणारे म्हणतात देशी का इंग्लिश," नागसेन म्हणाला. "मानेतली नस दबली असन. मी डॉक्टर नाई, पण त्या बेचाळीस जणायपेक्षा जास्त समजते मले. उद्या अमरावतीले नेतो याले."

पार्बताबाईंनी पाणी आणून दिलं. पेला खुशालरावांच्या हातात देता देता त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, तुमचा टाळ कुठी होता काल?"

"टाळ? गळ्यात होता."

"गळ्यात होता, हे दिसलं मले. वाजला काहून नाई, थे विचारून राहिली."

सहदेवाने तिला हाताने थांबवलं. "जाऊ दे वं." मग खुशालरावांकडे न पाहता म्हणाला, "माहा हात पहिल्यांदा नाई सुटला, खुशाल. मागच्या एकादशीले दोनदा सुटला. रामनवमीले तर तीनदा. तुले आठवते?"

"नाई बा."

"कसं आठवन? सुटला का तू टाळ चढवे. तुह्या हाताले सवयच हाय तशी. मी म्हणो, खुशाल बाजूले हाय तोवर चालते. काल बाजूले पायलं, तर तू फोनात पाहून राहिलता."

खुशालरावांनी तिथे बसून ते अठरा सेकंद पुन्हा लावले, या वेळी डोळे मिटून, नुसते ऐकले. मागच्या टाळांचा बारीक आवाज होता. सगळ्यांत जवळचा, ज्याने तो खड्डा बुजवायचा तो, नव्हता. मनोजने फक्त कापलं होतं. कापायला जागा त्यांनी स्वतः करून दिली होती, आणि वर हरिनाम म्हणून वाटली होती. तीस वर्षांचा टाळकरी म्हणवून घेतो आपण, त्यांच्या मनात आलं, आणि कीर्तनात उभं राहून आपणही शेवटी गुलाबच पाठवत होतो.

दुसऱ्या दिवशी नागसेन सहदेवाला अमरावतीला घेऊन गेला. नसच निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेचा पट्टा दिला, आणि एखादा दिवस वाजवलं तर हरकत नाही म्हणाले. खुशालराव इकडे वासुदेवरावांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"लोकायनं ठरवलं, खुशालराव. एकसष्ट मतं हायेत. मी काय करू?"

"कोणते लोक? त्यात तुमचा अकोल्याचा साडू हाय. देवळाचं दार कुठल्या तोंडाले हाय, हे तरी ठाऊक हाय काय त्याले?"

"मतदान म्हटलं का मतदान."

"टाळकरी किती हायेत आपले? चवदा. त्यायनं तोंडानं सांगू द्या मले."

खुशालराव भर उन्हात तेरा घरं फिरले. फोन घरी ठेवून. टाळकऱ्यांपैकी नऊ जणांनी 'होय' दाबलं होतं, हे त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. त्या नऊपैकी एकाच्याही तोंडातून समोरासमोर तो शब्द निघेना.

"सहदेवले काढाचं? मी कायले म्हणीन तसं?" पहिला म्हणाला.

"तू दाबलं नं होय."

"थे त सगळे दाबून राहिलते, म्हणून दाबलं."

दुसऱ्याने प्रश्नच वाचला नव्हता. त्याला वाटलं, महाप्रसादात बुंदी ठेवायची का विचारलंय. तिसऱ्याचं बोट चुकून लागलं होतं. चौथ्याच्या घरात फोन बायको वापरत होती. माणसाची सव्वीस वर्षांची सेवा ज्या बोटांनी एका तासात निकालात काढली होती, त्या बोटांचा मालक गावात कुणीच नव्हता. खुशालरावांनी प्रत्येकाला एवढंच विचारलं, "सहदेव नसन तर तू उभा राहशीन काय रांगेत?" तेराही जण मान खाली घालून नाही म्हणाले. संध्याकाळी चौदा माणसं वासुदेवरावांच्या ओट्यावर गेली. अध्यक्षांनी चौदा तोंडं पाहिली आणि परतवाड्याला फोन लावून 'येऊ नका' म्हणून सांगितलं. ग्रुपवर त्यांनी लिहिलं, 'सर्वानुमते ठरले.' खाली त्याच एकसष्ट जणांनी जोडलेले हात टाकले.

रविवारी सकाळी खुशालराव सहदेवाच्या दारात गेले तेव्हा पार्बताबाई परातीत कणीक मळत होत्या. त्यांनी खुशालरावांचे दोन्ही हात मोकळे पाहिले आणि पुन्हा मळायला लागल्या.

काल्याच्या कीर्तनाला देऊळ भरलं. मागच्या बाजूला, क्लिप पाहूनच आलेले, पाचपन्नास लोक फोन वर धरून उभे होते. पुन्हा कधी हात सुटतो आणि आपल्या फोनात पडतो, याची वाट पाहत. आलेल्यांत मनोजही होता, खास अमरावतीहून. देवाकडे त्यातल्या एकाचंही तोंड नव्हतं. मानेला पट्टा बांधलेला सहदेव मृदंग गळ्यात घालून उभा राहिला, त्याच्याशी खेटून खुशालराव. बुवांनी नाम घेतलं, आणि पुढचे दोन तास खुशालरावांना समोरचं काही दिसलं नाही. कान तेवढे डावीकडे लागून होते. एकदा, चाल चढताना, त्यांच्या दंडाला सहदेवाचं अंग नको तिथे थबकलेलं लागलं. पुढचं हातांनी आपणहून केलं. मागची रांग उसळली, विठ्ठलनामाचा गजर झाला, बुवा त्या नादात नाचले, आणि दहीहंडी फुटली.

त्या दिवशी 'जिवलग'वर मनोजने दीड तासाचा व्हिडिओ टाकला. कापण्याजोगं काही सापडलं नव्हतं. कुणी उघडला नाही. सत्तावीस जणांनी 'रामकृष्ण हरी माऊली' लिहिलं, आणि अकोल्याहून शकुनने मुगाच्या वड्या टाकल्या. खुशालरावांनी ग्रुप सोडला नाही. सोडला असता तर तीही एक बातमी झाली असती.

देवळाच्या पायरीवर दोघं द्रोणातला काला खात बसले होते. नागसेन मोटारसायकल घेऊन बाहेर थांबला होता, सहदेवाला घरी सोडायला.

"दोनदा सुटला," सहदेव म्हणाला.

"मले एकदाच समजलं."

"दुसऱ्यांदा कसं समजन? पहिल्यापासून जो बडवून राहिलता तू, थांबलाच कुठी." सहदेवाने द्रोण पुसून चाटला. "कान दुखून राहिला माहा उजवा."