एका तासाला एकच गणित

"उजवा हात, डावा नाही! आणि मी खोकले की सगळ्यांनी एकदम वर करायचा," मोठ्या बाई म्हणाल्या आणि चौथीतल्या एकेचाळीस मुलांनी एकेचाळीस उजवे हात वर केले.

"अर्धा मोठा की पाव?"

"अर्धाऽऽ!" खिडकीवरची कबुतरं उडाली.

वर्गाच्या दाराशी गणिताच्या बाई उभ्या होत्या. वर्ग त्यांचा, तालीम मात्र मुख्याध्यापिकेची. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या देशांतून सहा शिक्षक येणार होते. त्यांच्याकडची मुलं गणिताला घाबरतात, आपल्याकडची का घाबरत नाहीत, हे त्यांना मागच्या बाकावर बसून बघायचं होतं. आपल्याकडचीही घाबरतात, पण एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाला हे पत्राने कसं कळवणार?

तालीम आटोपून मोठ्या बाई बाहेर आल्या. "पालक समितीत पुन्हा तेच निघालं हो. शेजारच्या तुकडीची पुस्तकातली बावीस पानं झाली, तुमची नऊ. ते म्हणतात, वर्ग धाकट्या सरांना द्या आणि तुम्हाला वाचनालय. उद्याचा तास नीट झाला तर मला तुमच्या बाजूने बोलायला तोंड राहील. तालमीतलंच गणित घ्या. समजून घ्या जरा."

"समजलं," बाई म्हणाल्या.

या बाईंना शाळेत एकगणिती बाई म्हणत, अर्थात पाठीमागे. तेहतीस वर्षं त्या एका तासाला एकच गणित घेत आल्या होत्या. गणित फळ्यावर लिहायचं आणि गप्प बसायचं. ज्याला जे सुचेल त्याने ते येऊन मांडायचं, चुकीचं असलं तरी. मग वर्गाने त्यावर भांडायचं. शिक्षकांच्या खोलीत थट्टा चाले, की इतरांच्या वर्गात गणितं सोडवतात, बाईंच्या वर्गात मंद आचेवर ठेवतात. पण तीच मुलं सातवीत गेली की तिथल्या मास्तरांना न विचारता ओळखू येत. गणित अडलं तरी ती पेन्सिल खाली ठेवत नसत.

बाईंचे यजमान वजनकाटे दुरुस्त करायचे. आता निवृत्त होते, तरी घरातल्या टेबलावर कुणाचा ना कुणाचा काटा उघडा पडलेला असायचाच. संध्याकाळी चहा घेताना बाईंनी विषय काढला.

"अहो, तालमीतलं गणित घेऊ का?"

"तू ठरवलंयस ना?"

"छे. काहीच नाही ठरवलं."

"ठरवलं नसतंस तर मला विचारलंच नसतंस." त्यांनी काट्यातला खिळा फुंकर मारून साफ केला. "नाही घेतलंस, तर वर्ग जाईल."

"तीच तर भीती आहे. अजून तीन वर्षं आहेत माझी. मुलं नसली समोर तर मी दिवसभर करू काय? पुस्तकांवर चिठ्ठ्या डकवू?"

यजमानांनी बशी पुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी सहा पाहुणे, त्यांच्याबरोबरची दुभाषी मुलगी, मोठ्या बाई आणि शाळेतले नऊ शिक्षक मागे दाटीवाटीने बसले, कोपऱ्यात शाळेचा कॅमेरा चालू होता. या शाळेत जुनी पद्धत होती, कुणाचाही खास तास असला की बाकीच्यांनी मागे बसायचं, टिपणं काढायची आणि नंतर तासाची चिरफाड करायची. धाकटे सर वही उघडून पहिल्याच खुर्चीवर होते. आपल्यालाच हा वर्ग मिळणार हे त्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळे बिचारे कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

बाईंनी खडू उचलला. अर्धा आणि पाव लिहायला हात वर गेला आणि समोर एकेचाळीस चेहरे दिसले, उत्तर ओठांवर घेऊन खोकल्याची वाट बघणारे. बाईंना त्या चेहऱ्यांची लाज वाटली. मुलांची नव्हे, स्वतःची. त्यांनी लिहिलं:

‘दोन रंगारी, सारख्याच मोठ्या दोन भिंती. पहिल्याने आपल्या भिंतीचे तीन सारखे भाग केले आणि दोन रंगवले. दुसऱ्याने चार सारखे भाग केले आणि तीन रंगवले. जास्त रंगकाम कुणाचं झालं?’

मोठ्या बाई खोकल्या. दोन हात सवयीने वर गेले आणि घाबरून खाली आले.

मग शांतता. एक मिनिट, दोन, पाच. पाहुण्यांना वाटलं बाई विसरल्या. पिकल्या केसांच्या एका पाहुण्यांना राहवेना. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत डोकावून ते बोटाने काहीतरी दाखवायला लागले. बाई तिथवर चालत गेल्या आणि दुभाषी मुलीला म्हणाल्या, "साहेबांना सांगा, तिचं गणित तिच्याकडेच राहू द्या. तुम्हाला तुमच्यासाठी वही देते." पाहुण्यांनी बोट मागे घेतलं आणि खरोखरच वही मागितली.

ती मुलगी म्हणजे चिमणी. आवाज तेवढाच, म्हणून नाव तेवढंच. वर्षभरात ती आपणहून फळ्याशी आली नव्हती. आज मात्र उठली.

"दोघांचं सारखंच झालं," ती फळ्याला सांगितल्यासारखं म्हणाली. "याचा एक भाग राहिलाय. त्याचाही एकच राहिलाय."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यांसमोर, खास तासाला, पहिलंच उत्तर सपशेल चूक!

"हिचं कुणाकुणाला पटतंय?" बाईंनी विचारलं. तेवीस हात वर गेले, डावे-उजवे सगळे.

"चूक आहे, बाई!" पंतोजी उभा राहिला. हा वर्गातला सर्वज्ञ, संध्याकाळी शिकवणीला जाणारा. "खाली बारा करायचे. आठ आणि नऊ. नऊवाला जास्त."

"असेल. पण हिला पटवून दे. बारा कुठून आले?"

"शिकवणीच्या सरांनी सांगितलेत."

वर्ग हसला. पंतोजीही हसला, मग खडू हातात घेऊन थांबला. इथेच त्याचं घोडं पेंड खात होतं. उत्तर होतं, पण ते आलं कुठून हे त्याला ठाऊक नव्हतं. चिमणीपाशी उत्तर चुकीचं होतं, पण ते सगळं तिचं होतं.

दोघांनी भिंती काढल्या, पुसल्या, पुन्हा काढल्या. चिमणीने राहिलेल्या भागांवर वीत ठेवून पाहिली. तिची वीत पहिल्या भिंतीच्या भागात पुरली नाही, दुसऱ्याच्या भागात नेमकी मावली.

"अगं, पहिल्याचा राहिलेला तुकडा जाड आहे की!" मागून कुणीतरी ओरडलं.

चिमणी वीत तशीच धरून उभी. "एकच राहिलाय," ती हळूच म्हणाली, "पण एक मोठा आहे. एक छोटा…"

"मग?" बाईंनी विचारलं.

आणि मोठ्या सुट्टीची घंटा झाली.

मोठ्या बाई आभार मानायला उठल्या. बाई म्हणाल्या, "ज्यांना खेळायला जायचंय त्यांनी जा." दोघे पळाले. सगळ्यांनाच गणिताचं वेड लागलं असं सांगितलं तर ती थाप होईल. एकोणचाळीस मात्र बसून राहिले. चिमणी फळ्याकडे बघत होती आणि तिच्याकडे सगळे.

"ज्याचा छोटा राहिला," ती म्हणाली, या वेळी मागच्या भिंतीपर्यंत ऐकू आलं, "त्याचं जास्त झालं! दुसऱ्याचं!"

पिकल्या केसांचे पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. पंतोजीने मात्र विचारलं, "पण मग बारा कशाला?" त्यालाही आता नुसतं उत्तर नको होतं, उत्तरामागचं कारण हवं होतं.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चिरफाड झाली. आधी बाईंनीच आपली चूक सांगितली. भिंती त्यांनी आधीच कागदाच्या पट्ट्यांवर द्यायला हव्या होत्या, हाताने काढताना मुलांचा वेळ गेला. धाकटे सर अडखळत म्हणाले, "चिमणीचं ऐकल्यावर तुम्ही लगेच हात वर करायला लावले. आधी तिला चित्र काढू द्यायला हवं होतं." पाहुण्यांना वाटलं आता जुंपणार. बाईंनी फक्त "बरोबर" म्हटलं आणि लिहून घेतलं.

पाहुण्यांपैकी एकीने विचारलं, "ज्या मुलांना गणित येणारच नाही, त्यांचं तुम्ही काय करता?"

"ज्यांना अजून आलं नाही, ती का?"

"नाही. ज्यांच्यात ते जन्मतःच नाही, ती."

बाई गोंधळल्या. "पण नऊ वर्षांच्या मुलाबद्दल हे कुणाला कसं कळतं?"

दुभाषी मुलीने ते पाहुण्यांना सांगितलं. मग पिकल्या केसांचे पाहुणे बोलले. त्यांची मुलगी नऊ वर्षांची असताना घरी येऊन म्हणाली होती, गणित माझ्यासाठी नाही. "मी स्वतः गणिताचा शिक्षक. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, असू दे, तू चित्रं किती छान काढतेस. मला वाटलं, मी तिची समजूत काढतोय. आज वाटतं, तिच्यासोबत त्या गणितापाशी थांबायला हवं होतं." एवढं बोलून त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला. बाई संकोचल्या. म्हणाल्या, "तुमच्याकडची मुलं मोठ्यांना बेधडक प्रश्न विचारतात म्हणे. तेवढं आम्हालाही शिकवा."

पाहुण्यांना निरोप देऊन मोठ्या बाई जिन्याशी आल्या. "त्यांनी या तासाचं चित्रीकरण मागितलंय. तिकडच्या शिक्षकांना दाखवणार आहेत."

"बरं."

"पण समितीच्या अध्यक्षांचा फोन आला होता. घंटा झाली तरी एक गणित पुरं होईना, हे त्यांच्या कानावर गेलं. मी बोलले हो बाई. खूप बोलले."

पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. बाईंना फार वाईट वाटलं. मोठ्या बाईंचा राग मात्र आला नाही, बोलून बोलून त्यांचा आवाज बसला होता.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

बाई आपला डबा आणि चष्म्याची पेटी आणायला वर्गाकडे गेल्या. आतून भांडण ऐकू येत होतं. फळ्याशी चिमणी आणि पंतोजी, भोवती दहा-बारा जण. त्यांनी आपणहून नवीन रंगारी आणले होते. एकाने पाचातले चार रंगवले, दुसऱ्याने सहातले पाच. "अरे, राहिलेला बघ ना आधी!" चिमणी ओरडत होती. चिमणी, ओरडत होती!

बाईंनी उंबऱ्याशी पाय थांबवला. आत गेलं असतं तर सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं असतं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून उत्तर ओळखलं असतं.

मागून धाकटे सर आले. सुट्टीनंतरचा तास त्यांचा होता. ते आत शिरणार, तोच बाईंनी त्यांची बाही धरली.

"थांबा जरा. होऊ द्या त्यांचं."

सर थांबले. दोघे दाराबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले. पाच मिनिटं गेली, मग आणखी थोडी. सरांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. आत एकदम गलका झाला आणि कुणीतरी बाक वाजवला.

"आता जा," बाई म्हणाल्या.

सर आत गेले. बाईंनी बाहेरून दार हळूच लोटून घेतलं.